दुपारची झोप सकाळी ठरते

डोंबिवलीत पाळणाघर चालवायचे म्हणजे आपले घड्याळ लोकलच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते. माझ्याकडे पहिले मूल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी येते, तेही बहुतेक वेळा वडिलांच्या खांद्यावर गाढ झोपलेले, आणि शेवटचे मूल संध्याकाळी पावणेआठला घरी जाते. मधल्या साडेबारा तासांत खाणे, खेळणे, शी-शू, गोष्टी, गाणी हे सगळे असते. पण दिवस सुरळीत जाणार की किरकिरीत जाणार हे दुपारच्या झोपेवर ठरते. गेली चौदा वर्षे मी हे काम करते आहे. नव्याने पाळणाघर सुरू करणाऱ्या ओळखीच्या बायका मला सर्वांत जास्त वेळा एकच प्रश्न विचारतात, की आठ मुलांना एकाच वेळी झोपवता तरी कसे? त्यांना मी जे तोंडी सांगते ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

खरे उत्तर असे, की मी त्यांना एकाच वेळी झोपवत नाही. पहिल्या वर्षी मात्र तसा प्रयत्न केला होता. तेव्हा माझ्याकडे पाच मुले होती आणि शाळेत असतो तसा तक्ता मी भिंतीवर लावला होता: साडेबाराला जेवण, एकला पडदे ओढायचे, तीनला उठायचे. साडेबारापर्यंत सात महिन्यांचे बाळ पेंगून पेंगून रडवेले झालेले असे आणि वाटीतल्या खिमटाकडे पाहतही नसे, तर साडेतीन वर्षांची मुलगी एक वाजता गादीवर टक्क जागी पडून पंख्याकडे बघत गाणी म्हणत असे. तिच्या गाण्याने शेजारचा दीड वर्षाचा मुलगा उठे, त्याच्या रडण्याने बाळ उठे, आणि दीड वाजता पाचही मुले जागी आणि चिडलेली असत. आपल्या हाताला गुण नाही, असे वाटून कितीतरी दुपारी माझ्या डोळ्यांत पाणी आले. चूक त्या तक्त्यात होती, हे कळायला मला सहा महिने लागले.

माणूस जागा असताना त्याच्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते, त्यामुळे झोपेची ओढ वाढत जाते आणि झोपेत ते ओसरते. मोठ्या माणसाला ही ओढ दिवसभर पेलता येते, पण लहान मुलांमध्ये ती फार लवकर वाढते. म्हणून सहा-सात महिन्यांचे बाळ दोन-अडीच तास जागे राहिले की थकते, वर्षाचे मूल तीन ते चार तास तग धरते, आणि दोन-अडीच वर्षांचे मूल पाच-सहा तास आनंदाने खेळू शकते. वय वाढते तशा दिवसाच्या झोपाही कमी होतात: साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान तीनाच्या दोन होतात, तेरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान दोनाची एक होते, आणि ती शेवटची दुपारची झोप तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान केव्हातरी सुटते. हे टप्पे प्रत्येक मूल आपल्या गतीने ओलांडते. माझ्याकडे अडीच वर्षांचा असताना दुपारी न झोपणारा मुलगाही होता आणि पाचवे वर्ष लागले तरी दोन तास झोपणारी मुलगीही होती; दोघेही आज शाळेत छान रमले आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत १२ ते १६ तास, एक आणि दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, आणि तीन व चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप मिळावी असे म्हटले आहे. यातला महत्त्वाचा भाग हा, की हे आकडे दिवसाची आणि रात्रीची झोप मिळून आहेत. पालक आणि पाळणाघर मिळून एकच हिशेब सांभाळत असतात, आणि रात्रीचा आकडा ठाऊक नसताना दुपारचा आकडा ठरवता येत नाही.

इंटरनेटवर मिळणारे झोपेचे तक्ते पालक मला मोबाइलवर पाठवतात तेव्हा माझी अडचण नेमकी हीच असते. त्या तक्त्यांतले मूल संध्याकाळी सात-साडेसातला झोपते आणि सकाळी साडेसहाला उठते. माझ्याकडच्या मुलांचे आईवडील त्या वेळी अजून गाडीत उभे असतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतासह सतरा देश-प्रदेशांतल्या तीन वर्षांखालील २९ हजारांहून अधिक मुलांच्या झोपेची माहिती गोळा केली होती. त्यात न्यूझीलंडमधली मुले सरासरी ७ वाजून २७ मिनिटांनी, तर हाँगकाँगमधली १० वाजून १७ मिनिटांनी झोपत असल्याचे आढळले. जवळजवळ तीन तासांचा हा फरक आहे. आपल्याकडचे मूल साडेदहाला झोपत असेल आणि त्याला सकाळी साडेसहाला उचलून माझ्याकडे आणले जात असेल, तर रात्रीची झोप आठच तास झाली. उरलेले तीन-चार तास त्याला दिवसा मिळाले नाहीत, तर ती उधारी त्याच्या चिडचिडीतून, पडण्या-झडण्यातून, अर्धवट जेवण्यातून रोज वसूल होते.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढचा पहिला रकाना 'आज किती वाजता उठला/उठली' असा आहे. दुसरा रकाना 'काल रात्री किती वाजता झोप लागली' असा आहे. हे दोन आकडे दारात मूल हातात घेतानाच मी विचारते, आणि घाईत असलेल्या वडिलांनाही ते सांगितल्याशिवाय जिना उतरू देत नाही. खांद्यावर झोपून आलेले मूल माझ्या घरी आल्यावर पुन्हा झोपले, तर ती झोपही लिहायची, कारण सात ते आठ झोपलेल्या मुलाचा दिवस आठ वाजता सुरू होतो आणि त्याची दुपार त्या हिशेबाने पुढे सरकते. नऊ वाजता सगळी मुले आली की मी आणि माझ्या मदतनीस ताई वही समोर ठेवून आज कोण कधी झोपेल याचा अंदाज बांधतो. आज, उदाहरणार्थ, आठ महिन्यांची मुलगी साडेनऊला आणि पुन्हा दीडच्या सुमारास, चौदा महिन्यांचा मुलगा साडेअकराला, दोन-सव्वादोन वर्षांचे दोघे सव्वाबाराला, आणि बालवाडीतून येणाऱ्या मोठ्या मुली जेवून एक वाजता, असा क्रम होता. म्हणजे घरात कोणी ना कोणी झोपलेले असते आणि कोणी ना कोणी जागे. बाळे आतल्या खोलीत आणि मोठी मुले हॉलमध्ये, असे केल्याने ते जमते.

घड्याळापेक्षाही मूल स्वतः जास्त नेमके सांगते. खेळता खेळता नजर एका जागी खिळते, हातातली वस्तू सुटते, कान ओढला जातो, डोळे चोळले जातात. काही मुले अशा वेळी एकदम शांत होतात आणि काही उलट अंगात वारे भरल्यासारखी धावू लागतात. पहिली झापड दिसल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत मूल गादीवर पोहोचले तर ते सहज झोपते. ती वेळ टळली की झोप उडते, आणि मग अतिथकलेले मूल तासभर थोपटले तरी झोपत नाही. ताटे उचलून मग झोपवू, असे म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते की ताटे तशीच राहू द्या.

सहा-सात महिन्यांची बाळे आता माझ्याकडे पूर्वीपेक्षा नेमाने येतात, कारण प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, आणि त्यातली आठ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते. आईची रजा संपते तो काळ आणि बाळाच्या तीन झोपांच्या दोन होण्याचा काळ असे दोन्ही एकत्र येतात. त्यात घरी झोळीत झोपायची सवय असलेले बाळ असेल तर तिसरी अडचण उभी राहते.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक मुलगी आली. तिला इथे छकुली म्हणते. घरी आजी तिला साडीच्या झोळीत घालून हेलकावे देत झोपवत असे, आणि माझ्याकडे सपाट, घट्ट गादी. पहिल्या दिवशी पाठ गादीला टेकली की ती धनुष्यासारखी वाकून किंचाळत असे. माझ्या घरात झोळी बांधायला कडी आहे, पण मी बांधत नाही. बाळाने उताणे, सपाट आणि टणक पृष्ठभागावर झोपावे, आसपास उशी, लोड, मऊ खेळणी, सुटी पांघरुणे नसावीत, हा नियम मी पहिल्या वर्षभराच्या सर्व बाळांसाठी पाळते. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते, कापड तोंडाशी येते, आणि आठ मुलांच्या घरात एका झोळीवर सतत डोळा ठेवणे शक्य नसते. घरी आजी शेजारी बसून हेलकावे देतात ती गोष्ट वेगळी. त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. राईची उशीही मी याच कारणासाठी परत पाठवते. डोक्याला गोल आकार यावा म्हणून ती दिली जाते, पण माझ्याकडे बाळ जागे असताना पोटावर पुरेसा वेळ खेळते, आणि डोक्याची काळजी तेवढ्याने घेतली जाते.

छकुलीला गादीवर आणायला अकरा दिवस लागले. पहिले तीन दिवस मी तिला मांडीवर आडवे घेऊन, गुडघे हलवत, झोळीच्याच लयीत झोपवले आणि झोप गाढ झाल्यावर गादीवर ठेवले. ठेवताना आधी पाय, मग कंबर, मग पाठ आणि शेवटी डोके टेकवायचे, आणि आपला हात लगेच काढून न घेता मिनिटभर छातीवर तसाच राहू द्यायचा. चौथ्या दिवसापासून गुडघ्यांची लय कमी केली आणि थोपटणे वाढवले. आठव्या दिवशी तिला पेंगत असतानाच गादीवर ठेवले, ती रडली, मी शेजारी आडवी होऊन थोपटत राहिले; ती सतरा मिनिटे रडत-थांबत राहिली आणि झोपली. सतरा मिनिटे हे मी वहीत लिहिले आहे, कारण त्या वेळी तो तास वाटला होता. पहिले काही दिवस ती चाळीस मिनिटांत उठायची. लहान बाळाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण तेवढेच असते. ते संपताना बाळ जरासे चाळवते आणि झोपताना जी लय होती ती शोधते. म्हणून पस्तिसाव्या मिनिटाला मी तिच्याजवळ जाऊन बसायचे, आणि ती चाळवली की डोळे उघडण्याआधीच छातीवर हात ठेवायचे. अकराव्या दिवशी ती सलग दीड तास झोपली. त्या संध्याकाळी तिच्या आजी स्वतः तिला न्यायला आल्या होत्या, त्या दारातच म्हणाल्या, "माझ्या झोळीतसुद्धा इतका वेळ नाही झोपत हो!"

झोपेसाठी काही देण्याच्या बाबतीत मात्र मी कोणाचेही ऐकत नाही. जायफळ उगाळून त्याचे बोट चाटवण्याची पद्धत आपल्या घरोघरी आहे, आणि सांगणारी आजी चांगल्या मनानेच सांगते. पण जायफळ जास्त झाले तर ते बाधते, आणि उगाळताना किती उतरले हे कोणालाच मोजता येत नाही. सर्दीचे औषध दिले की बाळ छान झोपते, असेही मला दोनदा सुचवले गेले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रीन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश दिले. सर्दीच्या अनेक बाटल्यांत हेच मिश्रण असते. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय माझ्या घरात कोणत्याही मुलाला कोणतेही औषध मिळत नाही, आणि झोप यावी म्हणून तर चिठ्ठी असली तरी मी आधी त्या डॉक्टरांशी बोलते.

हे मी इतके ठासून लिहिते त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या कितीतरी आया कामावर जाण्यापूर्वी बाळाला अफूची बारीक गोळी देत, म्हणजे कामाची पाळी संपेपर्यंत ते निपचित पडून राही. त्या बायकांना मी दोष देऊ शकत नाही. बाळ सांभाळायला कोणी नाही, आणि कामावर गेले नाही तर चूल पेटत नाही, अशा पेचात त्या होत्या. पण मोठ्यांच्या कामाच्या वेळेसाठी मुलाला झोपवून ठेवायचे, ही त्यामागची गरज आजही संपलेली नाही, आणि पाळणाघर चालवणारीला तर तो मोह रोज दुपारी होतो. सगळी मुले झोपलेली असताना घर शांत असते, पाठ टेकता येते, भाजी निवडून होते. अशा शांततेपायी मी स्वतः एकदा एका मुलाचे नुकसान केले आहे.

तो मुलगा तेव्हा एक वर्ष दहा महिन्यांचा होता. दुपारी दोनला झोपायचा आणि साडेपाचपर्यंत उठायचा नाही, आणि मीही उठवायची नाही. इतका गाढ झोपला आहे, झोपू दे, असे म्हणून पडदा सारखा करायची. दोन आठवड्यांनी त्याची आई त्याला न्यायला आली ती जिन्यातच बसली. म्हणाली, "काकू, काल रात्री दीड वाजला त्याला झोपायला. मी पाचला उठते. मला नाही होत आता." तिच्या डोळ्यांखालची वर्तुळे मी रोज पाहत होते आणि ती माझ्या वहीशी जोडली नव्हती. त्याच रात्री मी वहीत दुसरा रकाना वाढवला.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून त्याची झोप मागे आणली. दुपारची झोप पूर्ण बंद करा, अशी तिची पहिली मागणी होती, आणि ती मी मान्य केली नाही. या वयाच्या मुलाला सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत सलग जागे ठेवले तर ते संध्याकाळी सहाला बसल्या जागी झोपते, किंवा इतके अतिथकते की रात्रीही शांत झोपत नाही. त्याऐवजी जेवण सव्वाअकराला घेतले, झोप दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे सरकवली, आणि दोन वाजले की उठवायचे असे ठरवले. उठवणे म्हणजे हाक मारून हलवणे नव्हे. पडदा थोडा उघडायचा, पंखा कमी करायचा, शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत हळू आवाजात बोलत राहायचे, आणि जागा झाल्यावर पाच-दहा मिनिटे मांडीवर बसू द्यायचे. घरी त्याच्या आईने नऊनंतर टीव्ही आणि मोबाइल बंद केला व दिवे मंद केले. तीन आठवड्यांत तो सव्वाबारा ते पावणेदोन झोपू लागला आणि रात्री दहाला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. दुपारी बारा ते तीन आमच्या दाराची बेल बंद असते आणि दारावर तशी पाटी असते. कुकर सकाळी अकराच्या आत लावून होतो. मात्र मुलांसाठी घर अगदी चिडीचूप करू नये, असे माझे मत आहे, कारण खालून भंगारवाला ओरडत जातोच आणि गणपतीत ढोल वाजतातच. पंख्याच्या एकसारख्या आवाजात झोपायची सवय असलेले मूल अशा आवाजांनी सहसा उठत नाही. न झोपणाऱ्या मोठ्या मुलांना डोळे मिटून पडून राहण्याची सक्ती मी कधी करत नाही. अर्धा तास गादीवर आडवे व्हायचे, झोप लागली तर लागली, नाही तर स्वयंपाकघराच्या टेबलापाशी चित्रे रंगवायची. झोप ही शिक्षा आहे असे मुलाच्या मनात एकदा बसले, तर पुढे घरीही रात्रीचा त्रास सुरू होतो.

तो दीड वाजता झोपणारा मुलगा आता तीन वर्षे एक महिन्याचा आहे. गेले पंधरा दिवस तो सव्वाबाराला गादीवर जातो, पण झोप लागायला पाऊण तास घेतो, आणि ज्या दिवशी झोपतो त्या रात्री पुन्हा अकरा वाजू लागले आहेत. या आठवड्यात तो तीन दिवस झोपला आणि दोन दिवस झोपला नाही; न झोपल्याच्या दोन्ही दिवशी संध्याकाळी साडेसहाला तो थोडा रडका झाला, पण रात्री साडेनऊला आपणहून अंथरुणावर गेला. झोप सुटण्याची ही सुरुवात असेल किंवा नुसता नव्या बालवाडीचा परिणाम असेल, एवढ्यावरून काही म्हणता येत नाही. सध्या त्याला एक दिवसाआड तासाभराची झोप देऊन पाहायची आणि दोन आठवड्यांची नोंद हाती आल्यावर पुढचे ठरवायचे, असे काल दारात उभ्या उभ्या त्याच्या आईशी बोलणे झाले आहे.